येणाऱ्याची चाय

आधीच सांगून ठेवते, मी कुंडी नव्हे. मी तपेली आहे, पितळेची, चायची. पोटात माती भरून वर मनीप्लांट लावला म्हणून कोणी कुंडी होत नाही.

यशोदाआजी लग्न होऊन विजयदुर्गाला आली, तेव्हा तिच्या माहेरच्या भांड्यांत मी आले. तेव्हापासून चूल, ती आणि मी. पाणी, गवती चहाची पात, ठेचलेलं आलं, गुळाचा खडा. दूध असलं तर असलं. आधी पोरं भोवती बसायची, मग नातवंडं, आणि उकळीबरोबर आजीच्या गोष्टीही वर यायच्या.

एक रीत तिने कधी मोडली नाही. मला पुरती रिकामी करायची नाही. तळाशी कपभर चाय राखायची, वर झाकण, आणि निखाऱ्याच्या उबेला ठेवायची. ती येणाऱ्याची. कोण येणार, ते ठाऊक नसायचं. कधी भिकाजीआजोबा होडी लावून उशिरा यायचे, कधी शेजारची फेलिसिदाद नवऱ्याशी भांडून यायची. आजी काही विचारायची नाही. झाकण उचलायची आणि पुढ्यात कप ठेवायची.

तिचा नातू देवेश दहावीला नापास झाला, तेव्हा दिवसभर माडांत लपून बसला होता. तिन्हीसांजेला मागच्या दाराने आला. त्याची चाय माझ्या तळाशी होती. कोमट झाली होती, पण होती.

तोच हा देवेश. आता दोन खोल्या पर्यटकांना देतो. आजी डोळ्याच्या ऑपरेशनला लेकीकडे वेंगुर्ल्याला गेली आणि ह्याने ड्रिल मशीन आणलं. मुळांशी पाणी साचू नये म्हणे. जिथे त्याची चाय थांबली होती, नेमकं तिथेच भोक पाडलं. पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि दोरा लोंबणारी पिशवीची चाय पितात.

परवा रात्री उशिरा आजी परतली. काल सकाळी मुंबईहून नात आली, दीपिका. नोकरी गेलेली, डोळे सुजलेले. पिशवी खाली न ठेवताच चुलीकडे गेली आणि झाकण उचलायला हात पुढे केला. तिथे विजेची किटली.

"आजी, माझी चाय खंय आसा?"

आजी उठली. ओटीवर येऊन मनीप्लांट उपटला, देवेशच्या हातात दिला. मला खळ्यात नेऊन राखेने घासलं. तिचं बोट भोकातून आरपार गेलं, तेव्हा थांबली.

"ह्यां भोक तूच बुजय. तवसर ह्या घरात कोणाक चाय नाय. तुझ्या पावण्यांकव नाय."

"नवीन तपेली हाडतंय गो, आजी."

"हाड. आणि तुझी नापासाची चाय तिच्यात खंय गावता ती बघ."

देवेशने मनीप्लांट खळ्यात ठेवला आणि चपला घातल्या.

आता तो तांबट शोधत पार जामसंड्यापर्यंत फिरतो आहे. भोक पाडायला मशीन मिळतं, झाळून द्यायला माणूस मिळत नाही. अशी ही सुधारणा.

मी चुलीवर बसले आहे, घासलेली, रिकामी, वर झाकण. आजीने शेजारी पात धुऊन ठेवली आहे. दीपिका गुडघ्यांवर हनुवटी टेकून समोर आहे. आजवर चाय येणाऱ्याची वाट बघायची. आता येणारी चायची वाट बघते आहे.

कोणाच्या ओळखीत तांबट असला तर धाडा हो. पोरीला फार वेळ बसवून ठेवायची ह्या घराची रीत नाही.