काजळीची मजुरी

टॅक्स भरायले माही ना नाही. पण टॅक्स लावणाऱ्यानं समोरच्या माणसाले येडं समजू नये, एवढंच माहं म्हणणं आहे.

मी बळीराम. एरवी मी बैलगाड्या रंगवतो, दुकानाच्या पाट्या लिहितो. दिवाळी झाली का आमच्या गावचं कापसाचं जिन सुरू होते, प्रेसमधी रुईच्या गाठी बांधाले लागते, अन् तिथून होळीपर्यंत त्या गाठीवर मार्का टाकायचा ठेका माह्याकडं. पत्र्यात अक्षरं कापलेली असते. पत्रा गाठीवर धरायचा, काळ्या रंगाचं फडकं फिरवायचं, का मालकाचं नाव अन् नंबर उमटते. गाठीमागं ठरलेले पैसे. पगार नाही, हजेरी नाही, काम आहे तं पैसा आहे. अन् असल्या कमाईवर हैसियत टॅक्स. म्हणजे माणसाची कमाई पाहायची, त्यातून धंद्याचा खर्च वजा करायचा, अन् राहिलं त्याच्यावर आपला हिस्सा लावायचा. हे सारं ठरवणारे सदाशिवराव बाबू दारव्ह्याले बसत. सालातून एकदा त्याईच्या टेबलापुढं जाऊन उभं राहायचं.

आता भांडण कुठं होतं ते सांगतो. मार्क्याले बाजारचा रंग चालत नाही, गोणपाटावर पसरते. रंग घरीच करा लागते. दिवे लावायचे, वर मडकी पालथी घालायची, मडक्याच्या बुडाले धरलेली काजळी खरडायची अन् जवसाच्या तेलात पाट्यावर घोटायची. घोटघोट घोटायची, हात भरून येते. हे सारं माही बायको रुखमा करे. मी दिवसभर प्रेसमधी, मले कुठून फुरसत?

पहिल्या साली सदाशिवरावानं विचारलं, "खर्च सांग." मी सांगत गेलो. जवसाचं तेल, लिहिलं. वाती, लिहिल्या. पत्रा, लिहिला.

"अन् घोटणारीची मजुरी," मी म्हटलं.

"कोण घोटतं?"

"माही बायको."

"बायकोची कसली मजुरी? ते घरचंच काम."

"साहेब, वातीचा खर्च धरता अन् वात लावणारीचा नाही धरत?"

त्याईनं चष्म्यावरून पाह्यलं. "तिला मजुरी देतोस का? देत असशील तर बोल."

घरी येऊन मी सारं रुखमाले सांगितलं. हात आपटून आपटून सांगितलं. तिले हसूच आलं. "मंग द्या ना मजुरी," ती म्हणे, "नाही कोण म्हणते?"

त्या शनिवारपासून मी तिले मजुरी द्यायले लागलो. ती बी लेकाची नाटकी. डोक्यावरचा पदर नीट करून दारात उभी राहे, मजुरीच्या बाया राह्यते तशी, अन् हात पुढं करे. "ठेकेदार, मांगच्या हप्त्याचं बाकी आहे."

"काम नीट कर पह्यले. रंगात खडे लागून राह्यले."

"खडे तुमच्या डोळ्यात असन. धुऊन या."

अन् त्याच पैशाचं ती बाजारातून मीठ-मिरची, घासलेट घेऊन ये. दुसऱ्या साली मी छाती पुढं काढून बाबूले सांगितलं, देतो मजुरी, दर शनिवारी देतो. बाबू म्हणे, "एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकलं, याला खर्च म्हणत नाहीत, बळीराम." बोलणं खरं होतं, म्हणून मले जास्त राग आला. तेव्हापासून दरसाल मी भांडलो अन् दरसाल त्याईनं रुखमावर काट मारली. रुखमा म्हणे, "जाऊ द्या ना. मले माहीत आहे, तुमाले माहीत आहे, झालं." मी म्हणो, "बाबूले माहीत नाही ना." तिले वाटे मी टॅक्सच्या पैशासाठी भांडतो. तसं नव्हतं. ते तिले सांगायचं मात्र राहून गेलं.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिले ताप आला, अन् पोळ्याचा हप्ता पुरा व्हायच्या आत ती गेली.

आमाले लेकरूबाळ नाही. वस्तीतले सारे आले, बुद्धवंदना झाली, शेजारच्याईनं चार दिवस भाकरी पाठवली. साऱ्याईले माहीत होतं, म्हणून मले कोणाले काही सांगा लागलं नाही. मी एकदाबी तोंडानं म्हटलं नाही का रुखमा गेली. कोणी विचारलंच नाही तं कायले म्हणू?

मी मुळात बोलणारा माणूस. बोलणारा कायचा, भांडणारा. जिनातून आलो का मुकादमाले चार शिव्या द्यायच्या, मंग जेवण गोड लागे. आता शिव्या द्यायच्या कोणापुढं? एक दिवस भिंतीकडं पाहून दिल्या तं आपलीच लाज वाटली. तवापासून सांजच्याला गपचूप बसाची सवय लागली.

जिन सुरू झालं तेव्हा रंगाचा सवाल आला. आमच्याच वस्तीतली तुळसाबाई, उकंडाची विधवा, आपणहून म्हणाली, "दादा, मी घोटून देतो." मजुरी ठरली, दर शनिवारी. मी सकाळी प्रेसमधी गेलो का ती ये, अन् मी घरी यायच्या आत काम आटपून निंघून जाये. कोपऱ्यात रंगाचं गाडगं झाकलेलं दिसे, पाटा धुतलेला दिसे, माणूस दिसत नसे. खोटं कायले बोलू, रुखमापेक्षा बारीक घोटे ती. त्याचाबी मले राग ये.

पण तिची मजुरी दिल्यावर माह्या हाती काय राहे? दोन टाइमाचं जेमतेम. त्यात गेल्या सालाइतकाच टॅक्स बसला तं उपाशी राहायची पाळी. म्हणून ठरवलं, यंदा मजुरी वजा करूनच घ्यायची. जिनातले लोक म्हणाले, कामावरची बाई संग ने, नाही तं बाबू मानणार नाही. तुळसाबाईनं कापूस वेचायचा खाडा केला अन् माह्यासंग निंघाली. धुतलेलं लुगडं नेसली होती. हात राखेनं घासले होते, पण नखातली काजळी काही गेली नव्हती.

मोटरमधी ती म्हणे, "दादा, साहेब माहं नाव लिहिन का?"

"लिहिन ना. त्याच्यासाठीच तं चाललो."

"आजपर्यंत कोणी लिहिलं नाही. निंदाले गेली तं मुकादम 'बाया सात' लिहिते. त्यातली एक मी."

दारव्ह्याले कचेरीच्या वसरीत लोकाईची रांग होती. माहा नंबर आला. तुळसाबाई मांगं खांबापाशी उभी राह्यली. सदाशिवरावानं नवा कागद घेतला, दौतीत टाक बुडवला, अन् मान वर न करता विचारलं, "घरी कोण कोण?"

मी म्हटलं, "मी अन् माही बायको."

सवयीनं निंघून गेलं असं मी मांगून तुळसाबाईले सांगितलं. ते झूट. मले दुसरं बोलायचंच नव्हतं.

"रंग कोण घोटतं?"

आता तरी सांगायचं होतं. पण एकदा बायको घरात बसवली, तं रंग दुसरं कोण घोटन? मी म्हटलं, "तेच."

"म्हणजे दरसालचंच. मग गेल्या सालाइतकाच टॅक्स." त्याईनं मान वर केली. "आज भांडत नाहीस, बळीराम? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. अन् खरं सांगतो, मले त्या घडीले लयच बरं वाटलं. टॅक्स गेला खड्ड्यात. बाबूनं लिहिलं होतं, घरी दोघं.

बाहेर आलो तं तुळसाबाई माह्याकडं पाहीना. मोटर यायच्या जागी बाभळीखाली जाऊन बसली. मी म्हटलं, "सवयीनं निंघून गेलं, बाई."

"मले कायले आणलं मंग?"

"चुकलं म्हटलं ना."

"दादा, तुमचं दुःख मले समजते," ती म्हणाली. आवाज वाढवला नाही तिनं. "माहाबी नवरा मेला. पण काजळी मी खरडली, पाट्यावर मी घोटलं, अन् साहेबापुढं तुमी ते रुखमाबाईच्या नावावर लावलं. माह्या तोंडापुढं लावलं. तिचं काम बाबूले दिसत नाही म्हणून इतकी सालं तुमी साऱ्या वस्तीत बोंबलत फिरले ना? आज माहं तुमाले दिसलं नाही."

मी खिशातून त्या हप्त्याची घोटायची मजुरी काढून दिली, ती तिनं घेतली, कनवटीले लावली अन् म्हणाली, "उद्यापासून दुसरी बाई पाहा."

घरी येऊन मी तिच्यावर चिडलो, मंग बाबूवर चिडलो, मंग रुखमावर बी चिडलो, का मरायची एवढी काय घाई होती. रंग सरला होता म्हणून पाट्यावर बसलो. काजळी घोटाले लागलो तं ती तेलात मिसळेचना, खडे तसेच. मनगट दुखून आलं. हे काम रुखमा रोज करे, अन् मी तिले खड्यावरून बोलो. तुळसाबाई रोज करे, अन् मी तिले पाहोबी नाही. दोघीचं काम, अन् रुबाब माहा. तिथंच पाट्यावर बसल्या बसल्या मले कळलं का मी आज काय करून आलो. रुखमा काही परत आली नव्हती. फक्त तुळसाबाई गेली होती.

सकाळी तिच्या दारी गेलो. ती वेचणीले निंघत होती, कमरेले ओटी बांधून.

"चाल दारव्ह्याले," मी म्हटलं. "आज बरोबर सांगतो."

"आजची मजुरी?"

"देतो."

"कालची वेचणी बुडाली."

"तिचेबी देतो."

तिनं ओटी सोडली. "अन् वाटंत माह्यासंग बोलू नका," म्हणाली. मी बोललो नाही. दारव्ह्यापर्यंत एक शब्द बोललो नाही.

सदाशिवराव मले पाहून वैतागलेच. "आता काय राहिलं?"

"काल खोटं बोललो, साहेब."

मांगं रांग होती. सारे ऐकून राह्यले होते. त्याईनं कालचा कागद शोधून काढला. "मग खरं सांग. घरी कोण कोण?"

"मी."

"आणि?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? बायको?"

तुळसाबाई माह्या बाजूले उभी होती, आज खांबामांगं नाही. मी म्हटलं, "मेली. पोळ्यापाशी."

त्याईनं टाक खाली ठेवला, मंग पुन्हा उचलला. "रंग कोण घोटतं?"

"हे तुळसाबाई."

"नात्यातली आहे का? नात्यातली असेल तर धरता येणार नाही."

"नाही."

त्याईनं तिच्याकडं पाह्यलं. "बाई, हा तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही लागत," ती म्हणाली. "मजुरी घेतो मी."

"पूर्ण नाव?"

तिनं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. हळूहळू सांगितलं, लिहायले सोपं जावं म्हणून. त्याईनं सारं लिहिलं, अन् तिनं अंगठा लावला. त्याईनं हिशेब केला, खाली रेघ ओढली. "मजुरी वजा जाता टॅक्स बसत नाही. माफ." मंग जरा नरम आवाजात म्हणाले, "अरे, कालच सांगितलं असतंस तर कालच सुटला असतास."

रांगेतला एक पागोटेवाला म्हणाला, "नशीबवान आहे गडी."

मी बाहेर आलो. पायरीवर बसलो, अन् मले रडू फुटलं. रुखमा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. येणारे जाणारे पाहून राह्यले होते, पाहू दे. तुळसाबाई दोन पायऱ्या वर उभी होती. पाठीवर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं असन, एकदा ती जरा वाकलीबी. पण आताच आपण आतमधी साहेबाले काय सांगून आलो, हे तिले आठवलं असन. ती सरळ झाली, पदर घेतला, अन् मोटर यायची वाट पाहत उभी राह्यली.