खोट्या लग्नातली खरी खंडणी

माझ्या सफरचंदाच्या बागेत एकदा एक लग्न मांडलं होतं. त्यात पाद्री नव्हता, नातलग नव्हते आणि नवरा-नवरीची ओळख त्याच दिवशी सकाळी झालेली.

क्लूझ शहरातून संझियाना नावाची पोरगी आली होती. लोकांची लग्नं सजवून देण्याचा धंदा तिला सुरू करायचा होता. पण जिने एकही लग्न सजवलं नाही, तिला पहिलं लग्न देणार कोण? म्हणून नमुन्याचं लग्न मांडायचं आणि त्याचे फोटो एका मोठ्या मासिकात छापून आणायचे. मासिकवाल्या बाईंनी अट घातली होती: मावळतीच्या उन्हात, भरल्या टेबलाशी नवरी. तो एक फोटो मिळाला तर आठ पानं, नाहीतर एकही नाही. नवरीचा पोशाख दुकानातून एका दिवसापुरता मागून आणलेला, तेव्हा दुसरी संध्याकाळ मिळणार नव्हती.

फुलं, केक, फोटो अशा कामांसाठी तिने जमवलेल्या अकरा कलावंतांनी चार महिने फोनवर भांडून सजावटीचा एक रंग ठरवला होता. पिकलेल्या आलुबुखाऱ्याचा, पण पाऊस पडून गेल्यानंतरचा. माझा कोंबडा त्या रंगात बसेना, म्हणून त्याला कोठीत कोंडलं. मला मात्र पाईप देऊन टेबलाशी बाकावर बसवलं.

"आजोबा, तुम्ही फक्त म्हातारे दिसा," संझियाना म्हणाली.

"प्रयत्न करतो," मी म्हटलं.

टेबल बारा हात लांब. बाटल्यांत आणि पेल्यांत पलिंका या आमच्या फळांच्या दारूऐवजी कोरा चहा, कारण फोटोत म्हणे तो दारूपेक्षा दारूसारखा दिसतो. तीन मजली केक, आत थर्माकोल, वरून साखरेचा लेप. भाजलेल्या कोंबडीला तर इतकं तेल चोपडलं होतं की तिच्यात तोंड पाहून दाढी करावी.

सगळं जागच्या जागी होतं. आणि तेवढ्यात त्यांनी नवरीला एकटं सोडलं. फोटोवाला होरिया भिंगं पुसत होता, नवरदेव झालेला कोस्मिन केस बसवत होता आणि नवरी झालेली ओतिलिया कुंपणाशी पांढऱ्या पोशाखात उभी. आमच्या मागुरा गावात नवरी एकटी सापडली की पोरं तिला पळवतात आणि खंडणी घेतल्याशिवाय परत देत नाहीत. यात रागवायचं काही नाही. उलट नवरी कुणी पळवलीच नाही तर तिची आई रडते. मी तरुणपणी एकेचाळीस पळवल्या. त्यातली एक डुकरिणीच्या पाठीवरून, आणि ती अजून म्हणते की सासरच्या घोडागाडीपेक्षा ते बरं होतं.

कुणीतरी शीळ घातली म्हणतात. माझ्या तोंडात पाईप होता, तेव्हा तो मी नव्हतो. पण गावातला तोआदेर आणि त्याची टोळी गवताची गाडी घेऊन हजर झाली. सकाळपासून नुसती चकचकीत कोंबडी बघून भुकेजलेली ओतिलिया स्वतःच उडी मारून गाडीत बसली.

"आजोबा, माझी नवरी कुठे गेली?" संझियाना धावत आली.

"पळवली."

"पोलिसांना बोलवा!"

"गावचा पोलीसच गाडी हाकतोय."

होरियाने आभाळाकडे पाहिलं. "तासाभराचं ऊन आहे. त्यातही वीस मिनिटं कमीच धर."

पळवलेली नवरी गुत्त्यातच नेतात, तेव्हा आम्ही तिकडे धावलो. ओतिलिया पोशाखावर एप्रन बांधून कोबीच्या पानांतले सारमाले हाणत होती.

"खंडणी!" तोआदेर गरजला.

"अरे बाबांनो, हे लग्न खोटं आहे!"

"काय खोटं, ताई?" तोआदेरने माझ्याकडे बोट दाखवलं. "पोशाख आहे, नवरा आहे, आणि या गावरिलाबाबानं धुतलेला सदरा घातलाय. इतकं खरं लग्न गावात दहा वर्षांत झालं नव्हतं."

संझियानाने टेबलावरच्या बाटल्या मागवून पुढे ठेवल्या. तोआदेरने घोट घेतला.

"चहा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ताई, मारायचंच होतं तर सरळ मारायचं."

मग तिने केक आणवला. पोलिसाने सुरी घातली. आतून असा करकराट झाला की कुत्रं बाहेर पळालं. झालं, खंडणी वाढली. आता नवरदेवाने गावासमोर गुडघा टेकून प्रेम कबूल करायचं.

कोस्मिन पांढरा पडला. "चुंबन घेतो, ते कामात धरतात. पण असं चारचौघांत बोलायचं? माझं लग्न ठरलंय हो. तिची मावशी याच गावात दिली आहे."

"बोल की रे," कोपऱ्यातून मावशी म्हणाली. "मी ऐकतेय."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत होतं. संझियानाने कोस्मिनचा कोट ओढून काढला, स्वतःच्या अंगात घातला आणि ओतिलियासमोर गुडघा टेकला.

"तुझ्यासाठी मी चार महिने झोपले नाही. आईची चांदी, आत्याच्या खुर्च्या, सगळं मागून आणलं. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या अकरा माणसांची मनधरणी केली. सगळे म्हणाले, तुला जमणार नाही. मला तुझा अख्खा जन्म नको गं. दहा मिनिटं दे. ऊन आहे तोवर दे."

पोलिसाने नाक शिंकरलं. मावशीने पदराएवढा रुमाल काढला. ओतिलिया भरल्या तोंडाने म्हणाली, "दिली!"

बागेत पोचलो तर सावली. होरियाने भिंगावर झाकण ठेवलं. संझियाना मटकन गवतात बसली.

"ऊन गेलंय कुठे?" तोआदेर म्हणाला. "वर टेकडीवर तर आहे. खंडणी घेतली, आता नवरीला पोचवणं आमच्याकडे लागलं. उचला रे!"

गुत्त्यातून मागोमाग आलेल्या चाळीस जणांनी मेणबत्त्या, पेले, कोंबडीसकट टेबल उचललं. मी नुकताच टेकलो होतो, ते बाकही उचललं. मला उतरायला कुणी सांगितलं नाही, मीही उतरलो नाही. ऊन पुढे, टेबल मागे. पहिल्या बांधावर ऊन हातभर अंतराने निसटलं. दुसऱ्या बांधावर आम्ही त्याला गाठलं, पण टेबल टेकेपर्यंत ते पुन्हा वर सरकलं. ओतिलिया झगा खोचून सगळ्यांच्या पुढे, संझियाना तिच्या झग्याचा घोळ धरून मागे. पेल्यातला चहा थेंबभर सांडला नाही. कोंबडी तेवढी दोनदा उडाली, दोन्ही वेळा मी झेलली.

माथ्यावर बोटभर सूर्य उरला होता. टेबल टेकलं. होरियाने चारदा कळ दाबली आणि अंधारलं.

चारातला एकच फोटो नीट आला. मासिकवाल्या बाईंचा फोन आला, आठही पानं देते म्हणाल्या. फक्त नवरीच्या मागे जीभ बाहेर काढून उभे असलेले ते घामाघूम चाळीस गडी पुसून टाका.

"ते वऱ्हाड आहे," संझियाना म्हणाली. "ते राहणार."