हाडं आमची

आमच्या इंग्रजी शाळेचा नियम असा : पालकसभेत मुलानं स्वतःच्या आईबापाचं भाषांतर करायचं नाही. दुसऱ्या मुलानं करायचं. म्हणून आमच्या अण्णांसाठी जी-वू.

जी-वू माझ्या वर्गातली, कोरियाची. वडील शेंद्र्याच्या कारखान्यात. मराठी ती माझ्याकडून शिकली, म्हणजे आमच्या चितेगावची, खेड्यातली शिकली. "लई भारी" म्हणाली की बसमधली शहरातली, पुंडलिकनगरची पोरं खिदळतात.

शीबा मिस, आमच्या वर्गशिक्षिका, केरळच्या; मराठी येत नाही. ईश्वरी, म्हणजे मी, हुशार आहे, म्हणाल्या, पण गणितात घाई करते. जी-वूनं मराठीत सांगितलं. अण्णा उठले. हात जोडले. पार वाकले.

"मॅडम, घाई केली का ठोकायची बिनधास. हाडं आमची, मास तुमचं."

थांब, जी-वू.

(हे मनात. तोंडानं नाही.)

आमच्याकडं पोराला शाळेत घालताना बाप मास्तरांना हेच म्हणतो. म्हणजे : तुमच्यावर भरवसा आहे. कोणी ठोकत नाही. म्हणजे, पूर्वी ठोकायचे. असो.

जी-वूनं सगळं इंग्रजीत केलं. ठोकणं. हाडं. मास. वर स्वतःचं जोडलं : "माझे आजोबापण म्हणतात, छडीत माया असते."

शीबा मिसचा चेहरा उतरला. दुसरा नियम : असलं काही कानावर आलं की वर कळवायचंच.

वर म्हणजे हॅरिस सर. प्रिन्सिपल. काचेची खोली. खुर्च्या मऊ, अण्णा टोकावर बसलेले. मला एकच धास्ती : अण्णा अपमान गिळत नाहीत. बाजार समितीत कोणी 'अरे' म्हणालं होतं, तर वर्षभर तिकडं फिरकले नव्हते. इथं बिनसलं तर उद्या शाळेतून माझं नाव काढतील.

"सर इचारतात, तुम्ही हिला मारता का?" जी-वू.

अण्णा हसले. "हिला? आरं मीच हिच्या धाकात ऱ्हातो!"

शब्द इंग्रजीत गेले. हसू मराठीतच राहिलं.

मग अण्णा थांबले. शाळा आहे, इथं खोटं कसं बोलायचं, असं त्यांना वाटलं असणार.

"एक डाव मारली व्हती. हिरीच्या कठड्यावर नाचत व्हती. दिली एक कानाखाली."

जी-वूनं माझ्याकडं बघितलं. हे सांगू का, असं. तिला सगळे शब्द येत होते. मीच शिकवलेत.

मी नियम मोडला. मीच सांगितलं. एकदा. विहीर. कानाखाली. आणि अण्णांनी न सांगितलेलं : त्याच आठवड्यात त्यांनी विहिरीला लोखंडी जाळी बसवली.

सरांनी अण्णांना आणि जी-वूला बाहेर पाठवलं.

"घरी जायला भीती वाटते?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"अगदी खरं सांग."

आता माझं 'नाही' मलाच खोटं वाटायला लागलं. हात कुठं ठेवायचे कळेना. खाली, वर, मांडीखाली.

शेवटी सर म्हणाले, पालकांचा एक वर्ग असतो. शनिवारी. वडिलांनी यायलाच हवं.

बाहेर अण्णा बाकावर. टोपी गुडघ्यावर.

"काय म्हनले सायब?"

मीटिंग आहे, असं सांगता आलं असतं. जी-वू शेजारीच बसली होती, तिनं लगेच दुरुस्त केलं असतं. सांगून टाकलं. पोरांना न मारता कसं वाढवायचं, त्याचा वर्ग.

अण्णांचे कान लाल.

"मला शिकवनार?"

"व्हय."

"कोन, त्यो गोरा?"

"व्हय."

"त्याला किती लेकरं हायेत?"

मला माहीत नव्हतं. जी-वूला होतं. "एक पण नाय, काका."

अण्णा काचेकडं बघत राहिले. टोपी घातली. परत काढली.

"मंग त्याला बी कोनीतरी सांगाया पायजे," अण्णा म्हणाले. "येतो म्हनावं."

"सांगते!" जी-वू उठलीच.

"फक्त येतो म्हण!" मी ओरडले. दार लागलं होतं.

दोन शब्दांचं काम. काचेतून दिसत होतं, जी-वू अजून बोलतेच आहे, हातवारे करून.