पुसायचं नाही

मुंग्या एका फ्रीझरमध्ये तेवढ्या नव्हत्या. बाकी घर त्यांचंच होतं. साखरेच्या डब्याच्या आट्यांत, टूथब्रशच्या दांड्यावर, इस्त्रीच्या भोकांत. दिव्याच्या बटणामागे तर त्यांनी सहकुटुंब बिऱ्हाड थाटलं होतं. पिवळसर, बारीक, चष्मा लावूनही नीट न दिसणाऱ्या. कुठल्याशा परमुलखातून शोभेच्या झाडांच्या कुंड्यांत बसून आल्या होत्या म्हणे, आणि आता सगळी गल्ली त्यांच्या नावावर झाली होती.

"देवा, किडामुंगीच्या पोटाची तुला काळजी, हे कबूल," भिंतीवरची रांग पुसता पुसता धाकटी म्हणायची, "पण जगातल्या सगळ्या मुंग्यांना पत्ता माझाच का रे दिलास?"

धाकटी म्हणजे या घरची धाकटी सून. इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, वाफेवर निर्जंतुक करण्याच्या खोलीत तिचं काम. तिथे कात्रीवर बोटाचा पुसटसा ठसा दिसला तरी अख्खा ट्रे परत फिरतो. दिवसभर अशा शिस्तीत राबून बाईनं घरी यावं आणि चहाच्या कपात मुंग्या पोहताना बघाव्यात! तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होणार?

तिनं पुसलं, धुतलं, फवारा मारला. फवाऱ्यानं दोन दिवस घर रिकामं झालं आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या निघाल्या त्या थेट सासूबाईंच्या उशीवर.

इथेच खरं दुखणं होतं. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग. काठी धरून न्हाणीघरापर्यंत जायच्या, तेवढंच चालणं. थोरले दीर रविवारी भेटायला आले आणि नेमकी तेव्हाच एक मुंगी आईच्या कानातून बाहेर आली. थोरले धान्याच्या गोदामाचे व्यवस्थापक. एक सोंडकिडा दिसला तरी सगळी थप्पी उन्हात काढणारा माणूस.

"शनिवारी येतो," ते दारातच म्हणाले. "तेव्हाही असंच असेल, तर आईला घेऊन जाईन."

ते गेल्यावर सासूबाईंनी धाकटीला जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "पोरी, त्याचं घर सोन्यासारखं आहे गं. पण दिवसभर तिथे कोणी नसतं. बोलू कोणाशी, पंख्याशी?"

या म्हातारीनंच तिला लग्नानंतर पहिली नोकरी धरायला लावली होती, तिची मुलं सांभाळली होती. मुंग्यांपायी हिला घालवायचं?

दुसऱ्याच दिवशी तिनं औषधवाल्याला बोलावलं. तो आला तो घाईतच.

"फवारा मारलात ना?" त्यानं भिंतीकडे बघूनच विचारलं.

"मग काय चहापाण्याला बोलावू त्यांना?"

"तेच करायचंय." त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर गोड औषधाचे थेंब टाकले आणि रांगांच्या कडेला ठेवले. "फवाऱ्यानं फुटतात आणि चार ठिकाणी घरं करतात. हे खाऊ द्यायचं, घरी नेऊ द्यायचं. राण्यांच्या पोटात गेलं की आटोपलं. पहिले काही दिवस वाढतील, दचकायचं नाही. अट एकच. पुसायचं नाही. वाट पुसली की त्या थेंब सोडतात आणि दुसरीकडून घुसतात."

"अजिबात नाही?"

"बाई, फडकं कुलपात ठेवा."

तिनं खरंच ठेवलं. पण हात कुठे ठेवणार? ओट्यावरून मुंग्यांची दोरीसारखी जाड रांग चाललेली, आणि हिनं समोर उभं राहून बघायचं! बोटं आपोआप ओट्याकडे वळायची. ती एका हातानं दुसरा हात धरायची.

"अगं, बघवत नसेल तर तोंड फिरव," नवरा म्हणाला. तो बस चालवायचा. रांग बघून शांत राहण्याची त्याला सवय होती.

आठवड्याच्या मध्यावर स्वयंपाकघरातली रांग विरळ झाली. धाकटीनं देवाला मनोमन हात जोडले. पण पुढच्या खोलीत मात्र सगळं उलटं. सकाळी थेंब टाकावा, संध्याकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत, आसपास एक मुंगी नाही, आणि पलंगाच्या डोक्याकडून ताजी रांग सुरू. पुन्हा थेंब, पुन्हा तेच. तिचा जीव मेटाकुटीला आला. तिनं नवऱ्याला धरलं.

"खरं सांगा, तुम्ही पुसता ना?"

"मी?" नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "या घरात मी आजवर काही पुसलंय?"



शनिवारी ती पाळी संपवून दुपारीच घरी आली. पुढच्या खोलीच्या दारात पाऊल टाकलं आणि तिथेच थिजली. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. काठीच्या टोकाला ओला रुमाल बांधलेला. जिभेचं टोक ओठांत धरून, चित्रकारासारखा एक डोळा बारीक करून, त्या भिंतीवरची रांग वरून खाली पुसत होत्या. मग काठी हळूच वळवली आणि पुठ्ठ्यावरचा थेंबही टिपून घेतला.

"आई!"

काठी खाली पडली. धाकटीनं तिच्या टोकाचा रुमाल सोडून घेतला. त्याला स्पिरिटचा वास येत होता. हात पुसायला म्हणून पलंगाशी ठेवलेली बाटली निम्मी रिकामी.

"मी कुलूप लावून बसलेय हातांना!" धाकटीचा आवाज चिरकला. "दात आवळून बसलेय आठवडाभर! नवऱ्याशी भांडले! आणि तुम्ही इथे..."

"तो येणार ना आज," सासूबाई रडवेल्या झाल्या. "त्याच्या नजरेला एक जरी पडली तर उचलून नेईल मला. म्हटलं, आपण आपली भिंत स्वच्छ ठेवावी."

"तुम्हाला सांगितलं होतं ना, पुसायचं नाही म्हणून?"

"सांगितलं होतंस. पण तुला पुसायला शिकवलं कोणी? मीच ना? इतक्या वर्षांची खोड पुठ्ठ्याच्या तुकड्यानं जाते होय?"

धाकटीनं कपाळावर हात मारला. रागवावं तर समोर ही, आणि न रागवावं तर स्वतःचंच डोकं फुटायची वेळ. तेवढ्यात बेल वाजली. थोरले. वेळेच्या आधीच.

"पूस, पूस लवकर!" सासूबाई कुजबुजल्या. पलंगाच्या डोक्याशी दहाबारा मुंग्या नव्या वाटेनं उतरू लागल्या होत्या. रुमाल धाकटीच्या हातातच होता. एक हात फिरवला की खोली लख्ख. थोरले चहा पिऊन, मान डोलावून गेले असते. आणि उद्या मुंग्या पुन्हा आल्या असत्या, परवाही, आणि पुढच्या कुठल्यातरी भेटीला पुन्हा कानात.

तिनं रुमाल पदराआड खोचला. औषधाची बाटली उघडली आणि पुठ्ठ्यावर चांगला टपोरा थेंब टाकला. मग दार उघडलं.

थोरले पादत्राणं काढून आत आले, आईच्या पाया पडले आणि वर बघतात तो भिंतीवर रांग.

"हे काय?"

"जेवतायत," धाकटी म्हणाली.

थोरल्यांचा हात खिशाकडे गेला. रुमाल बाहेर आला. तेही याच माउलीचे चिरंजीव.

"भाऊजी, हात खाली!"

असं कधी कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं, गोदामातसुद्धा. हात खाली आला. "आईचे कपडे भर," ते म्हणाले.

"भरते. पण आधी ऐकून घ्या." तिनं सगळं सांगितलं, काठीसकट. "आज नेलंत तर आई निघतील, मुंग्या राहतील. आणि मला आई हव्यात, भाऊजी. मुंग्या नकोत."

"माझंच चुकलं रे," सासूबाई म्हणाल्या. "पण मी इथून हलायची नाही. हलवायचंच असेल तर भिंतीपासून हलव."

थोरल्यांनी रुमाल खिशात घातला. मग त्यांनी बाह्या दुमडल्या, आईला आधार देऊन खुर्चीत बसवलं आणि पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणला. "चार वाट्या आण. पाणी भरून. पायांखाली ठेवू. पलंगावर एकही चढता कामा नये." वाट्या ठेवून झाल्यावर त्यांनी काठी टेकवून बघितली. पलंगावरून ती भिंतीपर्यंत पोहोचत नव्हती. "पुढच्या शनिवारी येतो. तेव्हा बघू."

"बघा की," धाकटी म्हणाली.

चहा होईपर्यंत रांग दोरीएवढी जाड झाली. थोरले खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते, त्यांचा अंगठा बोटांवर सारखा चोळला जात होता. पलंगावर सासूबाईंनी दोन्ही हात पांघरुणाखाली कोंबले होते.

"किती हावरट आहेत मेल्या," त्या म्हणाल्या.

"आई, बघू नका तिकडे," धाकटी म्हणाली, आणि स्वतः मात्र बघत राहिली.