मच्छिंद्रचं पूर्ण नाव

चौकशीला आलेल्या साहेबांनी वीज उपकेंद्रातलं, लाईन बंद ठेवण्याच्या परमिटचं रजिस्टर मिटलं आणि ऑपरेटर सत्यशीलाच्या अक्षराचं कौतुक केलं. नोंद चोख होती. अकरा दहाला लाईनमन काकासाहेबांनी खांबावरच्या कामासाठी लाईन बंद करून घेतली, अकरा चाळीसला काम संपलं म्हणून त्यांनीच परमिट परत केलं, लाईन चालू. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं, असा नियमच आहे.

खांबावर मात्र मच्छिंद्र होता. गावोगावी असतो तसा झिरो वायरमन. लाईनमनच्या ऐवजी चढणारा, पण कंपनीच्या कुठल्याच कागदावर नसणारा. सहा वर्षं तो फोनवर "ताई, काकासाहेब बोलून राह्यलो" म्हणायचा आणि सत्यशीला तेच नाव लिहायची. तिच्या मोबाईलमध्येही तो 'काकासाहेब दोन' होता.

त्या दिवशी अकरा दहाला मच्छिंद्रच बोलला. अकरा चाळीसला बोलला खरा काकासाहेब, शहागड फाट्यावरच्या हॉटेलातून, भजं चावत. एव्हाना काम उरकलं असेल, असं त्यानं बसल्या जागी धरून टाकलं होतं. आवाज वेगळा आहे हे सत्यशीलाला कळलं. तिचा हात थबकलाही. पण नाव जुळत होतं. तिनं लाईन सोडली.

जालन्याच्या दवाखान्यात मच्छिंद्रचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

साहेबांनी टाईप केलेला जबाब पुढे सरकवला. त्यात मच्छिंद्र वीज चोरायला, तारेवर आकडा टाकायला चढला होता. काकासाहेब दारात तंबाखू मळत उभा होता.

"करा सही, ताई," तो म्हणाला. "खरं सांगाल तं तुमचीबी सहा सालं खोटी निघतील. मी तं चहाला गेल्तो. बटन कोन दाबलं?"

तिनं रजिस्टर पुन्हा उघडलं. काकासाहेबाच्या पिवळ्या दातांपेक्षा तिला जास्त किळस आली ती रजिस्टरातल्या स्वतःच्या वळणदार अक्षराची.

तिनं जबाब परत दिला आणि कोरा कागद घेतला. सहा वर्षं, दोन आवाज, थबकलेला हात, सगळं लिहिलं. साहेब नोकरीची आठवण करून देत राहिले. ती अडली एकाच जागी. मच्छिंद्र कुणाचा कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्यांच्यासमोरच तिनं 'काकासाहेब दोन'ला फोन लावला. मच्छिंद्रच्या बायकोनं, द्वारकाबाईनं उचलला. उपकेंद्रातून बोलतेय, पूर्ण नाव लिहायचंय, असं सत्यशीलानं सांगितलं.

"लिहा. मच्छिंद्र धर्मराज उढाण," द्वारकाबाई सावकाश म्हणाली. मग दबक्या आवाजात, "नाव लागलं का मंग त्येंचं कंपनीत? हितंच निजलेत. उठवून सांगू का?"

"न्हाई, बाई. निजू द्या," सत्यशीला म्हणाली.

तिनं कागदावर उढाण हे आडनाव पुरं केलं आणि खाली, लाईन मीच चालू केली, या ओळीपुढे आपलंही नाव पूर्ण लिहिलं.