गवंड्याच्या पाणसळीची सुट्टी

मी पाणसळ. उभं काम तपासणारा ओळंबा माझा थोरला भाऊ. कामावर सगळे मला ‘लेव्हल’ म्हणतात. नाव कोणतंही घ्या, काम एकच: केलेलं काम सपाट आहे की कलतंय ते सांगणं. पोटात काचेची नळी, नळीत हिरवं पाणी, पाण्यात एक बुडबुडा. तो दोन काळ्या रेघांच्या मधोमध थांबला की खुशाल पुढचा थर चढवा. मी कुणाचं तोंड बघून बोलत नाही. मालक असो की इंजिनिअर, वाकडं ते वाकडंच. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दुकानाच्या फळीवर माझ्यासारख्या अनेक जणी होत्या. एके दिवशी दोन भाऊ आले, दोघेही गवंडी. धाकट्याने सात जणींना फरशीवर ठेवून पाहिलं, प्रत्येकीची टोकं फिरवून पुन्हा पाहिलं. दोन्हीकडून मी एकच सांगितलं. “ही खोटं बोलायची नाही,” तो म्हणाला आणि त्याने मला उचललं.

अठरा वर्षं मी त्या दोघांची होते. एका भिंतीच्या दोन टोकांना दोघे, मधे ताणलेली दोरी. थोरला डावीकडून विटा रचत यायचा, धाकटा उजवीकडून. आणि मधली शेवटची वीट कुणी बसवायची यावरून रोज भांडण. शाळा, दवाखाना, बेकरीची भट्टी... आमच्या हातची एक भिंत कललेली दाखवा!

मग धाकटा आजारी पडला आणि महिन्याभरात गेला.

थोरला कामावर आला. दोरी बांधायला वाकला, पलीकडच्या टोकाकडे बघत तसाच राहिला, आणि थापी ठेवून घरी निघून गेला. त्यानंतर तीन महिने मी पिशवीत. त्याची झोप उडाली. “अहो, घटकाभर पाठ तरी टेका,” बायको विनवायची. “डोळा मिटला की ते रिकामं टोक दिसतं,” तो म्हणायचा.

एका रविवारी सकाळीच त्याचे दोन दोस्त दारात उभे राहिले. एक सुतार, वयाने मोठा, करड्या शिस्तीचा. दुसरा रंगारी, त्याची जीभ ब्रशापेक्षा जास्त चालते.

“चल, तलावावर. दिवसभर. कामाचं नाव काढायचं नाही,” सुतार म्हणाला.

“मी नाही येत.”

“तुला विचारतंय कोण?” रंगाऱ्याने चपला त्याच्या पायाशी सरकवल्या.

निघताना गवंड्याने पिशवी घेतली. बसमध्ये तिच्यातून मला काढून सुताराच्या मांडीवर ठेवलं. “ही ठेव तुला. मी धंदा सोडला. मेव्हण्याच्या गोदामात पहारेकरी हवाय. उद्यापासून जातो.”

सुताराने मला आपल्या पिशवीत ठेवलं. अठरा वर्षांनी माझी पिशवी बदलली.

तलाव शांत होता. काठाला झाडाखाली दगडी बाक होतं, दोन दगडी पायांवर एक लांबलचक लादी. तिघे बसले, डबे उघडले. सुताराचा डबा हळूच घसरला. त्याने तो मागे ओढला. डबा पुन्हा घसरला.

“या बाकाचा एक पाय खचलाय,” सुतार पुटपुटला.

“कामाचं नाव काढलंस!” रंगारी ओरडला. “नियम तुझाच आणि मोडलास पण तूच!”

“मी नुसतं सांगितलं.”

“नुसतं सांग, तोवर माझी भाजी तलावात जाईल.”

सुट्टीवर आलेली माणसं उठून दुसऱ्या झाडाखाली बसली असती. ही तिघं नाहीत. सुताराने पडलेली जाड फांदी शोधून आणली. रंगारी चपटे दगड गोळा करू लागला. गवंडी तेवढा पाण्याकडे बघत बाजूला उभा होता.

“दोन बोटं उचल,” सुतार म्हणाला.

“दोन कसली, चार लागतील,” रंगारी म्हणाला.

“तुम्ही ते बाक मोडणार,” गवंडी न राहवून म्हणाला. “लेव्हल आण इकडे.”

तीन महिन्यांनी कामासाठी त्याचा हात माझ्या पाठीवर पडला. त्याने मला लादीवर ठेवलं. माझा बुडबुडा उंच बाजूला पळाला. गवंडी वाकून नळीत बघत होता. पलीकडच्या टोकाला रंगारी फांदीवर जोर देऊन उभा होता. आणि गवंड्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “धाकट्या, तुझी बाजू खाली आहे.”

रंगाऱ्याने फांदी सोडली नाही.

“खाली आहे तर उचलतो की,” रंगारी हळूच म्हणाला. “किती, ते सांग.”

गवंड्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते न पुसताच तो सांगत राहिला. “अजून... अजून थोडी... बस. दगड सार.” सुताराने दगड सारला. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. अठरा वर्षांत शेकडो भिंती मोजल्या, पण त्या बाकावर झाली तितकी माझी मान कधी ताठ झाली नाही.

“बघू, कसं झालंय,” म्हणत गवंडी त्यावर आडवा झाला. मला छातीवर धरलं आणि बोलता बोलता झोपला.

चारची शेवटची बस आली, गेली. त्याला कुणी हलवलं नाही. ऊन सरकेल तशी सुतार सावलीसाठी टॉवेल धरून जागा बदलत होता. आणि रंगारी? दोन तास अवाक्षर बोलला नाही. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम. मी छातीवर पडून होते. श्वास वर आला की माझा बुडबुडा एकीकडे, खाली गेला की दुसरीकडे. स्थिर राहणं हा माझा धर्म. पण तेव्हा मी मनसोक्त डोलले.

जाग आल्यावर त्याने तोंड धुतलं आणि मला उचलून आपल्या पिशवीत टाकलं.

“अरे, ती मला दिलीस ना?” सुतार म्हणाला.

“तुला कशाला? तुझं काम कधी सरळ असतं?”

रंगारी इतका हसला की काठावरचे बगळे उडाले. तिघे पाच मैल चालत घरी गेले.

आज माझ्या कडा झिजल्या आहेत, नळीवर ओरखडा आहे. गोदामाला दुसरा पहारेकरी मिळाला. भिंतीच्या पलीकडच्या टोकाला आता दुसरा गवंडी असतो. मधली वीट मात्र माझा मालक अजूनही थोडा थांबून बसवतो. थांबू दे. मला घाई नाही.

एकच मागणं आहे. तुमच्यातलं कुणी खचलं तर त्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगू नका. त्याच्यासोबत दिवसभर कुठेतरी जा, दुसऱ्या टोकाला उभे राहा आणि विचारा, किती उचलू?