पिणारी गाडी

आमच्या घरात माणसं तीन आणि गाडी एक. त्या तिघांपैकी गाडीशी पटायचं ते फक्त माझं.

मी घरोघरी जाऊन पेशंट बघणारी नर्स आहे. जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं आणि त्यांच्या नातेवाइकांना चार शब्द सुनवायचे, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मला विशेष जमतं. माझे निम्मे पेशंट डोंगरावरच्या वस्तीत राहतात. तिकडचा रस्ता म्हणजे चढ, वळण, पुन्हा चढ, आणि थंडीत सगळ्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा. आधीच्या छोट्या गाडीने मला दोनदा चरात घातलं, तेव्हा हट्टाने ही घेतली. मधल्या आकाराची सेडान, पण इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी. पुढची चाकं घसरायला लागली की मागची ढकलतात.

आता असल्या गाडीला खर्च आलाच. टायर बदलायचे तर चारही एकदम, कारण एक नवा आणि तीन झिजलेले तिला चालत नाहीत. पुढे-मागे दोन्हीकडच्या गिअरचं ऑईल वेगळं. विमा तर विचारूच नका. हे सगळं मला मान्य होतं. पण पेट्रोल!

"कंपनी म्हणते लिटरला चौदा," नवरा म्हणायचा, "आपली दहाच्या वर जात नाही."

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो, त्यामुळे आकडा दिसला की त्याला राहवत नाही. टाकी काठोकाठ भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुन्हा भरेपर्यंत वाट बघायची, भागाकार करायचा. दरवेळी उत्तर तेच. त्याने टायरची हवा तपासली, फिल्टर बदलला, डिकीतला पेशंटसाठीचा वॉकर आणि कमोडची खुर्ची वजन नको म्हणून बाहेर काढली. मी दोन्ही परत आत टाकली.

मेकॅनिकने गाडी आतून-बाहेरून तपासली आणि म्हणाला, "गाडीत काहीच बिघाड नाही. चालवणाऱ्याचा पाय जड असेल."

झालं! नवरा रविवारी माझ्या शेजारी बसून माझ्या पायाकडे बघत राहिला. "हळू दाब. अगं, हळू. आता सोड." दुसऱ्या वळणाशी मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "उतर." तो चालत घरी आला. थंडीत चालल्यामुळे गाडी विकायचा त्याचा विचार मात्र आणखी पक्का झाला.

कारण हिशेब त्याच्याच बाजूने होता. ऑफिस मला किलोमीटरमागे ठरावीक पैसे देतं. चौदाला माझं भागलं असतं, दहाला मी पदरचे पैसे घालून नोकरी करत होते. सासूबाई तर पहिल्यापासून त्याच्याच पक्षात. "गाडी नाही ती, हत्ती आहे. विका नि मोकळे व्हा." दिवसातून एकदा तरी हे ऐकल्याशिवाय मला जेवण जात नसे.

शेवटी ठरलं. शनिवारी नवऱ्याच्या ओळखीचे दाताचे डॉक्टर गाडी बघायला येणार, आणि आम्ही पुन्हा छोटी घेणार. ऑफिसात सांगितलं, तर साहेब म्हणाले, मग हिवाळ्यात वरच्या पेशंटना खाली दवाखान्यात यायला सांगू. मी म्हटलं, "ज्यांना या कुशीवरून त्या कुशीवर होता येत नाही, ते डोंगर उतरून येणार?" साहेबांनी खांदे उडवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण करणार काय?

शुक्रवारी पहाटेच फोन वाजला. वस्तीतल्या माझ्या पेशंटची, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची, लघवीची नळी तुंबली होती. माणूस वेदनेने कळवळत होता, मागून त्यांच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. मी आंघोळ न करता कपडे चढवले, बॅग उचलली आणि दाराशी आले, तर खिळ्यावर किल्ली नाही.

बाहेर आले. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घुर्रर्र करत उभी होती. चोर, असं वाटून मी बॅग उगारली. आत आमच्या सासूबाई! शाल कानांपर्यंत, पायात घरातल्या सपाता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, हीटर पूर्ण सोडलेला. शेजाऱ्यांच्या गाडीची काच पांढरीफटक आणि आमची लख्ख कोरडी. मी आजवर समजत होते, पत्र्यामुळे आमच्या काचेवर बर्फ धरत नाही!

"आई! हे काय चाललंय?"

त्या दचकल्या. "गरम करतेय."

"रोज?"

"मग? तुझे सासरे ट्रक चालवायचे. थंडीत तासभर इंजिन गरम केल्याशिवाय ट्रक हलत नसे. एकदा घाई करून अर्ध्या पुसलेल्या काचेतून बघत गेले आणि हिवाळाभर प्लास्टरमध्ये पडून राहिले."

म्हणजे मी उठायच्या आधीच या उठून गाडी चालू करायच्या, आणि माझं आवरेपर्यंत बंद करून किल्ली जागेवर! जागच्या जागी उभी गाडी रोज पेट्रोल पीत होती, मीटरवर एक किलोमीटरही चढत नव्हता, आणि आम्ही माझा पाय मोजत बसलो होतो.

"आई, तुमच्यामुळे माझी गाडी हातची चाललीय! आणि वर तुम्हीच म्हणता, विका!"

"म्हणणारच," त्या म्हणाल्या. "गाडी गेली की तू त्या डोंगरावर जाणार नाहीस. मग मलाही उठायला नको."

मला इतका राग आला की हसावं की ओरडावं कळेना. पण वर घड्याळजी तळमळत होते. "बाजूला व्हा," मी म्हटलं. त्या उतरतील असं वाटलं होतं, तर त्या शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. घालवायला वेळ नव्हता. तशीच निघाले.

पहिल्या चढाला आईंनी डोळे मिटले. तिसऱ्या वळणावर एक छोटी गाडी चरात तोंड घालून पडली होती. "बाई गं!" त्या पुटपुटल्या आणि माझा दंड धरला. आमची गाडी जरा डळमळली, चारही चाकांनी रस्ता पकडला आणि सरळ वर चढली. आईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

घड्याळजींच्या दारात त्यांची बायको उभीच होती. मला बघून तिला हुंदका फुटला. मी नळी बदलली, आईंनी बॅटरी धरली. पिशवी भरायला लागली तसे घड्याळजी शांत झाले, आणि डोळे न उघडताच म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नसता तर मी मेलो असतो हो." त्यांच्या बायकोने आईंचेही हात हातात घेतले. जणू आईच गाडी चालवत आल्या होत्या!

आम्ही डोंगर उतरलो. घर दिसायला लागल्यावर आईंनी विचारलं, "त्याला सांगशील?"

सांगितलं तर मुलगा आईला आकड्यांनी सोलून काढेल, हे आम्हा दोघींना माहीत होतं. दिवसातून दोनदा त्याला "तुला काही कळत नाही" म्हणणारी बाई ही. तिचा मान जाईल. न सांगितलं तर गाडी जाईल.

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "मी चकार शब्द काढणार नाही." असं म्हणाले खरी. पण रात्रभर मनातल्या मनात मीच आईंशी भांडत होते.

शनिवारी दाताचे डॉक्टर आले. टायर बघितले, बॉनेट उघडलं, गाडीच्या दातांना कीड लागलीय का बघावं तसं आत वाकून बघितलं. एक चक्कर मारून खूश होऊन परतले. मी ओट्याशी कप विसळत होते आणि एकच कप किती वेळा विसळला ते मलाही ठाऊक नाही.

"अ‍ॅव्हरेज किती देते?" डॉक्टरांनी विचारलं.

"खरं सांगतो, दहा," नवरा म्हणाला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही.

"दहा नाही," आई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. आई दारात उभ्या होत्या, शालीचं टोक मुठीत घट्ट धरून.

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"मला कळत नाही, म्हणूनच पेट्रोल जास्त जळलं. मी रोज पहाटे गाडी चालू करून उभी ठेवते. हिला बर्फ धरलेल्या काचेतून बघत जावं लागू नये म्हणून. पेट्रोल हिच्या पायाने नाही गेलं. माझ्यामुळे गेलं."

नवऱ्याने तोंड उघडलं. आता भागाकार सुरू होणार म्हणून मी हात पुसत पुढे झाले. पण तो आईकडे बघतच राहिला. तिच्या सपातांकडे, शालीकडे.

"एवढ्या थंडीत?" तो म्हणाला. "तू उठतेस तरी कधी?"

"हिच्या आधी," आई म्हणाल्या.

मला भडभडून आलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या बाईने मला एकदाही गोड शब्द दिला नव्हता, आणि रोज माझ्या आधी उठत होती. मी सरळ जाऊन त्यांना मिठी मारली. त्या काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुरे गं, पाहुणे बसलेत."

नवऱ्याने डॉक्टरांपुढे हात केला. "माफ करा डॉक्टर, किल्ली द्या. गाडी विकायची नाही."